भुताला लागलेलं अर्धं नेमकं कशाचं अर्धं?

अर्धवट_योद्धा
शनिवारी रात्री साडेअकराला एका तलवारीवरून आमचं टेबल फुटायची वेळ आली, म्हणून हा धागा.

आम्ही पाच जण, इंदूर. रामबागेतल्या एका मित्राच्या गच्चीवरची खोली, दर शनिवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून पात्रं खेळवायचा खेळ). पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं. खाली म्हातारी माणसं झोपलेली असतात म्हणून फासे स्टीलच्या परातीत नॅपकिन घालून टाकतो. मी फायटर, पाचवी लेव्हल. तीन महिने (खेळातले नाही, कॅलेंडरचे) वाट बघून मला फ्लेम टंग मिळाली. माहीत नसणाऱ्यांसाठी: जादूची तलवार, पेटवली की लागलेल्या प्रत्येक वाराला २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचं डॅमेज वरून.

पडक्या वाड्यात भूत निघालं. माझा पहिलाच वार लागला. तलवारीचे ९, आगीचे ७. मी खुर्चीवरून उठून "सोळा!" म्हणून ओरडलो. डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) मान वरही न करता सांगितलं, "अर्धं. आठ."

मी म्हटलं, तलवार जादूची आहे. तो म्हणाला, "आरपार जाते ना पण." मग मंत्र. क्लेरिकचा गाइडिंग बोल्ट, अर्धा. विझर्डची मॅजिक मिसाइल, अर्धी. शेवटी ते भिंतीत शिरलं ते शिरलंच, आणि आम्ही तिघं जखमी, एक बेशुद्ध, असे घरी आलो.

तर जाणकारांनी सांगा. भूत म्हटलं की सगळंच अर्धं करतात का? का ज्याचं त्याचं वेगळं?

विसाचा_एक
तलवार भुताला लागली यातच समाधान माना. आमच्या फायटरची दारालाही लागत नाही.

धाकटी_चेटकीण
ज्याचं त्याचं वेगळं. यात वादच नाही.

२०१४ च्या पुस्तकातल्या घोस्टला रेझिस्टन्स आहे तो असा: ॲसिड, आग, वीज, थंडर, आणि ठोकणं-भोसकणं-कापणं हे बिनजादूच्या हल्ल्यातून आलं असेल तर. थंडी, नेक्रोटिक आणि विष यांना तर पूर्ण इम्युनिटी. बस. या यादीत जे नाही ते पूर्ण लागतं.

तुझी तलवार जादूची, म्हणजे कापण्याचे ९ पूर्ण. आगीचे ७ अर्धे, ते साडेतीन, खाली उतरवून ३. एकूण १२. गाइडिंग बोल्टचं डॅमेज रेडियंट प्रकारचं, यादीत नाही, पूर्ण. मॅजिक मिसाइलचं फोर्स प्रकारचं, तेही पूर्ण. तुमच्या डीएमनं तुम्हाला लुटलंय.

अर्धवट_योद्धा
बारा!! मी हेच म्हणत होतो. स्क्रीनशॉट काढला.

पोहेपंडित
एका वारात चार पॉइंट गेले म्हणून माणूस रविवारी सकाळी उठून धागा काढतो. इकडे पोह्यावर जीरावण कमी पडलं तरी आम्ही एवढे चिडत नाही. (खोटं. चिडतो.)

ग्वाल्हेरची_गदा
मीच ती क्लेरिक, याच टेबलावरची. नोकरीनं इंदूरला, घर ग्वाल्हेरला, म्हणून हे नाव. माझा गाइडिंग बोल्ट अर्धा केला तेव्हा मीही खूप बोलले. पण योद्ध्यानं सांगितलं नाही की तो स्वतः अर्धा वेळ मोबाइलवर होता. डीएम अंगणाचं वर्णन करत होता, झाड, पार, कुठूनतरी पोरगं हसल्याचा आवाज, आणि हा कचोरीची ऑर्डर देत होता.

अर्धवट_योद्धा
कचोरी सगळ्यांनी खाल्ली.

जुना_खेळिया
चेटकीणबाईंचं उत्तर २०१४ च्या पुस्तकापुरतं बरोबर. पण डीएमला लुटारू म्हणण्याआधी त्याचं वय विचारा. माझ्या पिढीचा असेल तर त्याच्या डोक्यात "भूत म्हणजे अर्धं" हे वेगळ्याच पुस्तकातून आलंय.

आम्ही याच खेळाच्या ३.५ आवृत्तीवर वाढलो (२००३). त्यात अशरीरी जिवाला बिनजादूचं शस्त्र लागायचंच नाही. शून्य. आणि जादूचं शस्त्र लागलं तरी ५० टक्के शक्यता की काहीच झालं नाही. म्हणजे हल्ल्याचा फासा टाका, लागला म्हणून नाचा, मग पुन्हा टक्क्यांचे फासे टाका आणि खाली बसा. सुटका तीनच: फोर्सचे मंत्र, घोस्ट टच (भुताला लागावं म्हणून मंतरलेलं) शस्त्र, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ऊर्जा. मी एकदा एका रेथवर (भुताचाच एक प्रकार) सलग सहा वार लावले आणि सहाही वेळा टक्क्यात गेलो. त्या दिवसानंतर मी फायटर खेळलेलो नाही, विझर्डच.

पाथफाइंडर या ३.५ वरूनच निघालेल्या खेळानं २००९ मध्ये ही नाण्याची उडी काढून टाकली आणि सरळ अर्धं डॅमेज केलं. जादूचं शस्त्र असलं तरी अर्धं, बहुतेक मंत्रांचंही अर्धं. मधे २००८ च्या चौथ्या आवृत्तीतही "इनसबस्टॅन्शियल" म्हणजे अर्धंच. सगळ्यांना वाटतं भुताचा नियम एक आहे. भुताचा नियम दर पाच-सहा वर्षांनी बदललाय आणि डोक्यात सगळ्यांची खिचडी आहे.

त्यातही पाथफाइंडरमध्ये मॅजिक मिसाइल पूर्णच लागते. तेवढी चूक डीएमची.

धाकटी_चेटकीण
@जुना_खेळिया, माहिती छान, पण टेबलावर ठरलंय २०१४. मग २००९ चा नियम का लावायचा? क्रिकेट खेळताना "आमच्या वेळी टप्पा आउट होता" असं म्हणता का?

जुना_खेळिया
गच्चीवर खेळताना म्हणतोच.

प्रश्नचिन्ह
मी नवीन आहे. डीएम म्हणजे डंजन मास्टर, एवढं कळलं. रेझिस्टन्स म्हणजे? आणि सगळीकडे "सेव्ह काढ" लिहिलेलं वाचतो, ते काय?

पोहेपंडित
इंदुरात येऊन विचारताय सेव काय? लवंगाची, लसणाची, रतलामी. पोह्यावर, दह्यावर, आईस्क्रीमवरसुद्धा टाकणारे आहेत.

खरं उत्तर: भुतानं भेसूर चेहरा दाखवला की डीएम म्हणतो "विज्डम सेव्ह". तुम्ही डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकता, तुमचा बोनस मिळवता, ठरलेल्या आकड्याला पोचलात तर वाचलात. आमच्याकडे एकाला पहिल्या दिवशी "सेव्ह काढ" सांगितलं तर त्यानं दप्तरातून पुडी काढली होती.

रेझिस्टन्स म्हणजे त्या प्रकारचं डॅमेज निम्मं. अपूर्णांक आला की खाली उतरवायचा. नेहमी खाली.

धाकटी_चेटकीण
"नेहमी खाली" वरून एक गंमत. जळत्या मशालीनं मारलं की १ आगीचं डॅमेज. घोस्टला आगीचा रेझिस्टन्स. एकाचं अर्धं, खाली उतरवून ०. म्हणजे पाचव्या आवृत्तीत भुतासमोर मशाल रात्रभर फिरवलीत तरी त्याचा एक केस जळणार नाही.

लोखंडी_खिळा
आमच्या आजोळी लोक रात्री शेतावर जाताना चूड पेटवून न्यायचे ते उगाच का?

धाकटी_चेटकीण
रस्ता दिसावा म्हणून.

लोखंडी_खिळा
:)

बडोद्याचा_ठग
आम्ही इकडे बडोद्यात पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती खेळतो, तिथला हिशोब वेगळाच. अर्धं नाहीच, सरळ वजाबाकी. भुताला "सगळ्या डॅमेजला रेझिस्टन्स ५" असं असतं. फोर्स, घोस्ट टच आणि जीवनऊर्जा सोडून. शस्त्र बिनजादूचं असेल तर रेझिस्टन्स दुप्पट, म्हणजे १०.

मेख अशी की "सगळ्या" म्हणजे प्रत्येक प्रकारातून वेगवेगळे पाच. नियमपुस्तकातच उदाहरण आहे: ७ कापण्याचे आणि ४ आगीचे असतील तर सातातून २ उरतात आणि आग पूर्ण जाते. तेव्हा आमच्या टेबलावर योद्ध्याची तलवार: ९ मधून ५ गेले, ४. ७ मधून ५ गेले, २. एकूण ६. म्हणजे जितके जास्त प्रकार मिसळाल तितकं भूत खूश. आमच्या रोगनं (चोराचं पात्र) हौसेनं शस्त्रावर आग, वीज, थंडी सगळं चढवलं होतं. पहिल्या भुताला लागले दोन. ते सेव-उसळ न खाता घरी गेले.

विसाचा_एक
१२, ८, ६. उतरता बाजार.

जुना_खेळिया
थांबा, पाचव्या आवृत्तीतही उतरवतो. नवं मॉन्स्टर मॅन्युअल आलंय ना २०२५ मध्ये, त्यात "बिनजादूच्या हल्ल्यातून" ही अटच काढून टाकलीय. घोस्टला ठोकणं-भोसकणं-कापणं याचा रेझिस्टन्स आता सरसकट. तलवार जादूची असो नाहीतर भंगारातली. म्हणजे योद्ध्याचे ९ चे ४, आणि ७ चे ३. एकूण ७. डीएमनं १६ ची एकत्र बेरीज करून निम्मे केले म्हणून ८ आले, प्रत्येकाचे वेगळे केले असते तर एक पॉइंट आणखी कमी. नव्या पुस्तकाच्या हिशोबानं तुमचा डीएम उदार माणूस आहे.

अर्धवट_योद्धा
मी धागा काढला तेव्हा माझे बारा होते. आता सातवर आलो. अजून दोन प्रतिसाद आले तर मलाच भुताला पैसे द्यावे लागतील.

ग्वाल्हेरची_गदा
खिक्क.

धाकटी_चेटकीण
काळजी नको, तुमचं टेबल २०१४ चं. बाराच.

आता क्रमाबद्दल, कारण खरे घोळ तिथे होतात. आधी सगळ्या वजाबाक्या-मिळवण्या, मग रेझिस्टन्स. पुस्तकातलं उदाहरण आहे: २५ डॅमेज, आजूबाजूला एक जादू आहे जी ५ कमी करते, आणि रेझिस्टन्सही आहे. आधी २० करा, मग अर्धे, १०. उलटं केलंत तर १२ वजा ५, म्हणजे ७. तीन पॉइंटचा फरक.

आणि एकाच प्रकाराला दोन ठिकाणांहून रेझिस्टन्स मिळाला तरी अर्धं एकदाच. पाव होत नाही. पण सेव्ह हा रेझिस्टन्स नव्हे, त्याचं अर्धं वेगळं. फायरबॉलचे २७ आले, भुतानं सेव्ह काढला, १३. मग आगीचा रेझिस्टन्स, ६. इतका खर्च करून सहा. म्हणून भुतावर फायरबॉल टाकू नये. क्लेरिकचा साधा सेक्रेड फ्लेम परवडला, फुकट आहे आणि रेडियंट आहे.

लोखंडी_खिळा
म्हणजे शाळेतलं कंचेभागुबेव इथे उपयोगाचं नाही. तिथे भागाकार आधी, वजाबाकी शेवटी. आमच्या गणिताच्या बाईंना हा खेळ दाखवला असता तर त्यांनी फासे जप्त केले असते.

प्रश्नचिन्ह
भिंतीत शिरलेल्या भुताला मारता येतं का? योद्धाभाऊंचं भूत भिंतीतच राहिलं म्हणतात.

धाकटी_चेटकीण
चांगला प्रश्न. भिंतीतून जाता येतं, पण वस्तूच्या आत स्वतःची पाळी संपवली तर १डी१० फोर्सचं डॅमेज त्यालाच बसतं. म्हणून शहाणं भूत भिंतीतून बाहेर येतं, हात लावतं (तो हातही साधा नाही, ४डी६ अधिक ३ नेक्रोटिक, सरासरी १७), आणि भिंतीच्या पलीकडच्या खोलीत निघून जातं. उपाय एकच: आपल्या पाळीत काही न करता "ते बाहेर आलं की मारतो" म्हणून ॲक्शन राखून ठेवायची.

घोस्टकडे एथेरिअल होण्याचीही (पलीकडच्या मितीत सरकण्याची) सोय असते. तिकडे गेलं की २०१४ च्या नियमात तुमची मॅजिक मिसाइलही पोचत नाही.

जुना_खेळिया
३.५ मध्ये पोचायची. फोर्सचे मंत्र पलीकडच्या मितीतल्या जिवालाही लागायचे. "भुतावर फोर्स" हे जे सगळ्यांच्या तोंडी बसलंय ते तिथून. पाचव्या आवृत्तीत भूत आणि फोर्स यांचं खास नातं काही उरलेलं नाही. फोर्सला रेझिस्टन्स असलेले प्राणीच मुळात थोडे, म्हणून ते लागू पडतं एवढंच. पण सवय जात नाही. मी अजून कुठल्याही पडक्या देवळात शिरताना मॅजिक मिसाइल तयार ठेवतो. खेळात म्हणतोय.

भिंतीबद्दलही तेव्हा नियम कडक होता. भूत वस्तूच्या आत असलं तरी तिच्या पृष्ठभागाला लागून राहायला हवं. डोंगराच्या पोटात जाऊन बसता येत नसे.

बडोद्याचा_ठग
आणि अंगात शिरलं तर?

ग्वाल्हेरची_गदा
तेही झालंय आमच्याकडे, मागच्या वर्षी. भूत आमच्या बार्बेरियनच्या अंगात शिरलं. याच योद्ध्यानं उत्साहात "भूत आहे ना, मारा" म्हणून त्याला दोन घाव घातले. अंगात असताना भुताला काहीच लागत नाही, सगळं डॅमेज ज्याचं अंग त्याला. बार्बेरियन शून्यावर आला, आडवा पडला, मग भूत बाहेर आलं, अगदी ताजंतवानं. मला टर्न अनडेड (भुताखेतांना पिटाळायची क्लेरिकची शक्ती) करायचं होतं, तेवढ्यानं ते बाहेर पडलं असतं. पण माझी पाळी यायच्या आत यांनी मित्राला मारून ठेवलं.

अर्धवट_योद्धा
जुनी प्रकरणं उकरू नयेत.

पोहेपंडित
होली वॉटर कुणी कसं काढलं नाही अजून? आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी येतं. बादलीच भरून न्यायची.

जुना_खेळिया
मग नियम ऐका. ३.५ मध्ये बाटली फेकून चालत नाही. फुटायला शरीर लागतं, भुताला ते नाही. बाटली उघडून, जवळ जाऊन, अंगावर ओतावी लागते. २डी४ डॅमेज. मला हा नियम फार आवडतो. कुणीतरी बसून विचार केलाय की काच कशावर फुटेल.

पाचव्या आवृत्तीत हे सगळं गुंडाळलं. वीस फुटांवरून फेका, लागलं तर २डी६ रेडियंट, भूत असो की सांगाडा. सोपं आहे. मजा गेली.

धाकटी_चेटकीण
मजा गेली म्हणता, पण तुमच्या काळात एका भुताच्या लढाईला तीन तास लागायचे.

जुना_खेळिया
हो. आणि दुसऱ्या दिवशी कुणाला धागा काढायला वेळ नसायचा.

विसाचा_एक
आता माझा लाडका प्रश्न. भूत कड्यावरून पडलं तर?

धाकटी_चेटकीण
नको ना. घोस्ट तरंगतो, पडत नाही.

विसाचा_एक
समजा पडलं.

धाकटी_चेटकीण
बरं. पुस्तकात शब्द आहेत "बिनजादूच्या हल्ल्यातून" आलेलं डॅमेज. आधीच्या छपाईत "शस्त्रातून" होतं, नंतर दुरुस्तीत "हल्ल्यातून" झालं. जमिनीनं तुमच्यावर हल्ला केलेला नसतो. त्यामुळे शब्दशः वाचलं तर पडण्याचं डॅमेज पूर्ण लागतं. तलवार अर्धी, खडक पूर्ण. आता खूश?

विसाचा_एक
खूप. माझ्या पुढच्या पात्राचं शस्त्र: कडा.

लोखंडी_खिळा
विषय निघालाच आहे तर माझी एक तक्रार. तुम्ही सगळे घोस्ट, रेथ, स्पेक्टर यांचे आकडे पाठ म्हणता. आपल्याकडे भुतांची केवढी बारकाईनं वाटणी केलीय ते बघा. बाळंतपणात मेली ती हडळ. पाण्यात राहतो तो गिऱ्हा. रात्री वाट चुकवतो तो चकवा, तो कुणाला मारत नाही, नुसता गोल गोल फिरवतो. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, पिंपळावर राहतो. खवीस, झोटिंग, समंध, आणि या सगळ्यांचा राजा वेताळ.

आता यांना नियमात बसवायचं तर सगळ्यांना एकच रेझिस्टन्स देऊन कसं चालेल? गिऱ्ह्याला पाण्यात असेपर्यंत काही लागू नये, काठावर ओढला की पूर्ण लागावं. चकव्याला एचपीच (जीवाचे पॉइंट) नकोत, सकाळ झाली की संपला. मुंज्याला झाडाजवळ असताना मारून उपयोग नाही. म्हणजे "कशानं मारलं" एवढंच नाही, "कुठे मारलं" हेही हवं.

जुना_खेळिया
दंडवत. चकव्याची कल्पना उचलतोय. डॅमेज शून्य, पण प्रत्येक तासाला सर्व्हायव्हलचा फासा, चुकला की पुन्हा त्याच विहिरीपाशी. माझे खेळाडू रडतील.

बडोद्याचा_ठग
हडळीचे पाय उलटे, तर तिचा माग काढणाऱ्या रेंजरचं काय होईल? माग नेहमी विरुद्ध दिशेला!

लोखंडी_खिळा
बघा, इतकी वर्षं रेथ-रेथ करत बसलात.

प्रश्नचिन्ह
मुंज्याला लोखंडाचं डॅमेज जास्त द्यायचं का? आमच्याकडे उशाला कोयता ठेवतात बाळंतिणीच्या खोलीत.

लोखंडी_खिळा
द्या की. माझं नाव उगाच नाहीये. चांदीचा नियम पुस्तकात आहेच काही जणांना, २०१४ च्या रेथला चांदीचं साधं शस्त्रही पूर्ण लागतं. त्या जागी लोखंड घाला.

धाकटी_चेटकीण
पण मग सगळ्याच तलवारी लोखंडाच्या. सगळेच वार पूर्ण. भूत दोन मिनिटांत आडवं.

लोखंडी_खिळा
तलवार पोलादाची. मी घडीव लोखंडाबद्दल बोलतोय. नाल, खिळा, विळी.

पोहेपंडित
पाचवी लेव्हलचा फायटर, हातात विळी. ही मोहीम मी बघायला येईन.

पडद्यामागचा
नमस्कार. मी डीएम. सकाळपासून वाचतोय, मजा येतेय म्हणून बोललो नाही.

नियमाचं उत्तर चेटकीणबाईंनी दिलंय आणि ते बरोबर आहे. २०१४ च्या घोस्टला त्या वाराचे १२. रेझिस्टन्स प्रकाराप्रमाणे वेगळा. जुना_खेळिया यांचाही अंदाज चुकीचा नाही, मी पाथफाइंडरवरच शिकलो, आणि मॅजिक मिसाइल अर्धी केली ती माझी चूक. मी स्वतःच्या वहीत "फोर्स पूर्ण" लिहून ठेवलं होतं आणि आरडाओरड्यात विसरलो. विझर्डचे हरवलेले ५ पॉइंट पुढच्या शनिवारी परत.

राहिली तलवार आणि गाइडिंग बोल्ट. योद्ध्या, मी शनिवारच्या पूर्ण रात्रीत "घोस्ट" हा शब्द एकदा तरी उच्चारला का? नोंदी बघ.

अर्धवट_योद्धा
भूत म्हणालास की.

पडद्यामागचा
भूत तू म्हणालास. मी "अर्धं" म्हणालो.

ग्वाल्हेरची_गदा
थांबा थांबा.

अर्धवट_योद्धा
माझी वही, शनिवारचं पान, जसंच्या तसं: "पडका वाडा. डावीकडे विहीर. अंगणात पार, मोठा. झाड?" प्रश्नचिन्हाच्या पुढे तेलाचा डाग आहे. त्याखाली "२ हिरवी चटणी, ४ कचोरी".

ग्वाल्हेरची_गदा
माझ्या वहीत आहे. "पारावर पिंपळ. वारा नाही तरी पानं हलतात. पोरगं हसतं. कमरेला दोरीसारखं काहीतरी." दोरी नव्हे ते. मेखला. मुंजीतली. अरे देवा, आठ वर्षांचं पोर आहे ते.

लोखंडी_खिळा
मी सांगितलं होतं. वरती. जाऊन वाचा. पिंपळ.

धाकटी_चेटकीण
म्हणजे झाडाच्या सावलीत सगळं अर्धं? रेडियंटसुद्धा? आणि बाहेर ओढलं की पुस्तकाप्रमाणे?

पडद्यामागचा
मोहीम चालू आहे. यावर मी काही बोलणार नाही.

जुना_खेळिया
बोलला.

अर्धवट_योद्धा
ठरलं. शनिवारी मी कुऱ्हाड घेऊन येतो. आधी पिंपळ तोडायचा, मग त्याला अंगणाबाहेर ओढायचा, मग फ्लेम टंग, दोन हल्ले, १२ आणि १२.

लोखंडी_खिळा
पिंपळ तोडणार? इंदुरात बसून? तुझ्या आजीला विचारलंस का?

ग्वाल्हेरची_गदा
कुऱ्हाड ठेव खाली. पुस्तकातल्या घोस्टबद्दलसुद्धा लिहिलंय की त्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं म्हणून ते अडकतं. या पोराचं काय राहिलंय ते उघड आहे. सोडमुंज. माझी क्लेरिक आहे, विधी तिला येतात, रिलिजनला प्लस सहा. पाराखाली बसून करू. डॅमेजचा प्रश्नच येत नाही.

पोहेपंडित
डी अँड डीमध्ये सोडमुंज. भिया, मी येतोय शनिवारी. आहेराला काय आणू?

पडद्यामागचा
येताना कचोरी आण. आणि आधीच आण, वर्णनाच्या वेळी ऑर्डर नको.

विसाचा_एक
सोडमुंजीला कुठला फासा टाकतात?

पडद्यामागचा
शनिवारी कळेल. धागा बंद करा आता, माझी तयारी राहिलीय.

अर्धवट_योद्धा
बरं. सोडमुंज तर सोडमुंज. पण त्या वाराचे घोस्टला बाराच, हे इथे लिहिलेलं राहू दे.